दिसायला

त्रिएस्तेत, कालव्यामागच्या गल्लीत
एजिदियो वास्कोत्तो यांचं चष्म्याचं दुकान.
त्यांची नवी वेबसाइट दाखवायला गेले
तेव्हा बोरा वारा सुटला होता
आणि लॅपटॉप मी छातीशी धरला होता, ताज्या पावासारखा.

दिसायला देखणी होती, वादच नाही.
पडदाभर राखाडी समुद्र,
त्यावर जरा फिकट राखाडी अक्षरं,
केसाएवढी बारीक,
हलकेच उगवणारी, हलकेच विरणारी.
एका मुलीचा रुमाल सात सेकंद उडत राहायचा.
फोन नंबर मी तीन रेघांच्या आड सारला होता,
चित्रात बोचत होता म्हणून.

ते काही बोलले नाहीत.
मला त्या उंच चामडी खुर्चीत बसवलं,
दिवा मालवला
आणि जिथे अक्षरांचा तक्ता उजळतो
तिथे माझंच पान लावलं.
नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली.
"वाचा. शनिवारी दुकान किती वाजता उघडतं?"

एक भिंग सरकवलं. "आता?"
दुसरं. "की असं बरं?"
मग म्हणाले, "हे नंबर तुमचे नाहीत,
नेरीनाबाईंचे आहेत. वय एक्याऐंशी.
काल त्या स्वतःच्याच चष्म्यावर बसल्या.
आता त्यांना मला गाठायचंय."

मी डोळे किलकिले केले.
रुमाल उडाला. समुद्र आला, समुद्र गेला.
शनिवार कुठेच नव्हता.

"मग ठोकळे अक्षरं टाकते," मी फणकारले,
"पांढऱ्यावर काळी. कर भरायच्या फॉर्मसारखी."

ते हसले. खालचा खण ओढला.
आत चष्मे, एकावर एक, मेलेल्या टोळांसारखे.
"नंबर अचूक. नाकाला भार नाही.
सगळे परत आले, आरशात एकदा बघून.
चष्म्यातून दिसायला हवं, पोरी,
पण चष्मा दिसायलाही हवा.
नाहीतर तो खणात,
आणि माणूस भिंतीला धरून."

रात्री अक्षरं गडद केली. जाड केली.
नंबर वर आणला, अंगठा बसेल एवढा.
रुमालावर मात्र मी अडून बसले.
दोन सेकंद, म्हणाले ते.
तीन, मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात नेरीनाबाईंचा फोन आला,
शेजाऱ्याचं भिंग डोळ्याला लावून फिरवलेला.
वेळ ठरली. तरी त्या ठेवेनात.
"ती मुलगी कोण हो तुमची? समुद्रावरची?
तिला सांगा, बोरा आहे,
डोकं बांधून घे म्हणावं."