उजवीकडचं नाशिक

सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर
शेहनाज पिंजारी मॅडम ह्यांना म्हणाल्या,
पुंजाराम काका, मनातल्या मनात
होळकर पुलावर उभे राहा.
तोंड रामकुंडाकडे. सांगा, काय दिसतं?

एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस.
डोळे मिटले आणि निघाले:
सुंदरनारायण. सराफ बाजार.
भांडी बाजारात बेलेकरांचं रजिस्टर,
सहीला चष्मा सापडत नाही त्यांना.
दोन जिने, तिसऱ्याला कुत्रा.

आणि डावीकडे?
झालं की, म्हणाले. एवढंच आहे.

पंचवटी नव्हतीच.

बरं, आता खाली या, गाडगे महाराज पुलावर,
आणि वळा. तोंड होळकर पुलाकडे.
तर लगेच नारोशंकराची घंटा, कपालेश्वर,
पायऱ्यांवरची ती फुलवाली, तिच्या मुलाची मनीऑर्डर,
सगळी पंचवटी घरातून उठून आल्यासारखी.
मघाचा सराफ बाजार मात्र कुठे गेला
ते नदीलाही ठाऊक नाही.

मॅडमनी मला फिल्म दाखवली, उजेडासमोर धरून.
मेंदूची उजवी बाजू, कानाच्या वर, जरा मागे,
लिंबाएवढा काळा डाग.
म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, आठवणही शाबूत आहे,
फक्त डावीकडे लक्ष जात नाही.
मी म्हटलं, म्हणजे ते बीट कोणाकडेच नाही.
त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

कपालेश्वरासमोर नंदी नाही.
बाहेरगावच्या पाहुण्याला ते सांगावं लागतं,
तेव्हा कुठे त्याला ती रिकामी जागा दिसते.
ह्यांना मी सांगते, तरी दिसत नाही.
अर्धीच दाढी करतात आणि आरशाला म्हणतात, झकास.
घड्याळ काढायला दिलं तर बाराच्या बारा आकडे
उजवीकडे दाटीवाटीने, पंगतीला जागा नसल्यासारखे.
एकदा स्वतःचाच डावा हात पांघरुणावर सापडला.
बघितला उलटसुलट, आणि मला म्हणाले,
हा आपला नाही. पत्ता चुकलाय. परत पाठव.

मला दुतोंड्या मारुती आठवतो.
पाणी कुठूनही येवो, त्याचं एक तोंड तिकडे आहेच.
माणसाला देवाने एकच दिलं,
तेही अर्धं बुजणारं.

लग्न लागल्यावर भटजींनी मला
ह्यांच्या डाव्या अंगाला बसवलं होतं.
त्रेचाळीस वर्षं मी तिथेच. पत्ता बदललेला नाही.

मुलगा म्हणतो, आई, उजवीकडे खुर्ची घे ना.
मॅडम म्हणतात, डावीकडूनच हाक मारा,
दिवसातून शंभरदा मारा, तेव्हा कधीतरी मान वळेल.
मी शंभर मोजत नाही.

खरं सांगू का,
कधीकधी हाक मारतच नाही.
तिथेच बसते, हातभर अंतरावर.
शेंगा फोडते, टरफलं खाली टाकते.
चहा झाला का, कोणी विचारत नाही.
मावशी कशी गेली त्या साली, मी का नाही गेले भेटायला,
ते सगळं बोलून टाकते, मोठ्याने.
ते खिडकीतून उजवीकडचं झाड बघत असतात.
मग मलाच भीती वाटते.
स्वतःचे हात चाचपून बघते.

जेवताना भात, भाजी संपवतात, ताट सारतात.
मीठ नाही, चटणी नाही, कसला स्वयंपाक, म्हणतात.
मीठ, चटणी, लिंबू, कोशिंबीर, सगळं डावीकडे,
वाढायची रीतच तशी.
आयुष्यभर पंगतीत कोणाला डावं-उजवं केलं नाही मी.

काही बोलत नाही.
ताट अर्धं फिरवते.
अरे, आली की चटणी, म्हणतात,
दारात टपाल आल्यावर लोक म्हणायचे तसं.

आली, मी म्हणते.
ते आवाजाकडे बघत नाहीत.
बोट चाटतात आणि म्हणतात, तिखट झालीय.