पूर्वीचे नाव, असल्यास

ब्याण्णवच्या जूनमध्ये दोन माणसं शिडी घेऊन आली
आणि दर्शनी भिंतीवरचं ‘थॉर्नशॉ’ तसंच ठेवून
पुढचं ‘पॉलिटेक्निक’ उतरवू लागली,
शेवटाकडून.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसतं ‘पॉली’ उरलं होतं,
जे आम्ही तसंही म्हणत होतो.
चहानंतर तेही गेलं.

रखवालदार क्लिफर्ड ओल्डरॉइड खाली उभा राहून
पितळी अक्षरं बटाट्याच्या पोत्यात भरत होता.
मोजली तेव्हा एक कमी भरलं.
तो म्हणाला, मोजणारे चुकले असतील.

बावीस वर्षांचा धूर खाल्लेली ती भिंत.
अक्षरांखालचा दगड मात्र फिका, कोवळा,
बांगड्या उतरवल्यावर मनगट दिसतं तसा.
शब्द काढला तेव्हाच तो
रस्त्यापलीकडून नीट वाचता येऊ लागला.

त्या भिंतीला आधीही नावं होती.
पहिलं, गिरणीकामगारांनी आठवड्याला पेनी पेनी जमवून ठेवलेलं;
त्या पैशात मेणबत्त्या यायच्या, भूमिती शिकायला.
मग टेक्निकल कॉलेज, तळघरात रंगाच्या कढया.
मी आले ती पॉलीत, एकोणऐंशी साली,
रंगशाळेच्या भांडारात: निळीचे डबे, फिटकरीची पोती.
इचलकरंजीची मुलगी मी, मागांच्या खडखडाटात झोपलेली.
ताणा कुठला, बाणा कुठला,
हे इथे कुणाला मला सांगावं लागलं नाही.
माझं नाव तेवढं दोनदा विचारत.

ते तरी माझं कुठे होतं?
ताटातल्या तांदळांवर अंगठीने कुणी ‘सुनेत्रा’ लिहिलं,
तोवर मी वेणू होते.
सासूबाई म्हणाल्या, होईल सवय.
झाली.
आता वेणू म्हणणारा एकच भाऊ, दिवाळीला, फोनवर,
आणि त्यालाही ऐकू कमी येतं.

म्हणून नव्या कुलगुरूंनी मांडवात पडदा ओढला
(झग्याचा रंग ठरवायला नऊ बैठका झाल्या होत्या)
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
तेव्हा मी उगीच टेबलावर तांदूळ शोधत होते.

जुन्या नावाचे छापील कागद, अकरा खोकी,
फेकू दिले नाहीत मी.
कितीतरी वर्षं त्यांच्या पाठीवर आमच्या घरच्या याद्या:
दूध, अंडी, लीड्सहून मेथी.

सत्त्याण्णवला माग भंगारात गेले.
त्या दालनात आता व्यवस्थापन शिकवतात,
जमिनीवर अजून बोल्टांची भोकं आहेत, गालिच्याखाली.
मला नोंदणीच्या खिडकीत बसवलं.

तिथे एकदा एनिड मर्गाट्रॉइड आल्या, वय एकाहत्तर.
कापड-रसायनातली पदवी, नोकरी सांभाळून, रात्रीच्या वर्गात;
प्रमाणपत्र पुराच्या पाण्यात गेलेलं.
माझ्या शेजारच्या पोराने संगणकात पाहिलं:
या नावाची संस्था यादीत नाही.
बाई शांतपणे म्हणाल्या,
मग सहा हिवाळे दर गुरुवारी
ओले बूट घालून मी कुठे येत होते?

पोरगा माझ्याकडे पाहू लागला.
मी फॉर्म ओढून घेतला.
त्यात एक रकाना असतो,
बायका डोळ्यांपुढे ठेवूनच आखला असावा असा:
पूर्वीचे नाव, असल्यास.
तिथे त्यांचं लिहिलं, लग्नाआधीचं.
मग त्याच रकान्यात, दाटीवाटीने, संस्थेचं.
मग तिचं त्याआधीचं. आणि त्याच्याही आधीचं.
शेवटचं समासात गेलं.
पेन थोडं थांबलं तिथे.
साहेबांनी सही केली, न वाचता.

इंग्रजीत पॉलिटेक्निकची अक्षरं अकरा,
युनिव्हर्सिटीची दहा.
नव्या शब्दाखाली जुन्याचे डाग झाकले गेले,
टोकाचा एक मात्र उघडाच राहिला.
भिंत भिजून काळी पडली
की तो ‘सी’ लांबून दिसतो.

क्लिफर्डच्या परसदारी, शेडच्या फळीवर,
पितळेचं काहीतरी ठोकलेलं आहे म्हणतात.
मी दोनदा गेले त्याच्याकडे, टोमॅटो आणायला.
शेडकडे पाहिलं नाही.