उशीचा अभ्रा

तीन हिरवे दिवे लागायला हवे होते.
दोन लागले.
कॅप्टन इतुर्रींनी एवढंच सांगितलं मला
कॉकपिटच्या दारात, हळू आवाजात,
जणू आत कुणी आजारी माणूस झोपलंय.
मग म्हणाले, "नेलिदा, आता कॉफी देऊ नकोस."

खाली कोमोदोरो रिवादाविया.
तेलविहिरींचे पंप माना खालीवर करत होते,
एकीकडे बोडके डोंगर, एकीकडे समुद्र,
आणि मधे तो वारा, ज्याला आमच्याकडची प्रत्येक बाई
दोरीवरून उडालेल्या चादरीपायी रोज शिव्या घालते.

टॉवरजवळून आम्ही इतके खालून गेलो
की छपरावरच्या आन्सेल्मोची टोपी दिसली.
मेंढवाड्यात वाढलेला मेकॅनिक तो. डोळ्याला दुर्बीण.
"डावा पाय अर्धाच बाहेर आलाय," तो रेडिओवर म्हणाला,
"मेंढी अडल्यावर कोकराचा येतो, तसा."
मेंढी असती तर बाही दुमडून
कोपरापर्यंत हात घातला असता त्यानं.

मग पावणेदोन तास घिरट्या.
इंधन जाळायचं होतं.
आयुष्यभर पैपै जपणारी माणसं
खिडकीतून बघत होती ते वाया जाताना.

मी एका उशीचा अभ्रा काढला
आणि टोकदार ते सगळं मागत फिरले.
पेनं, चष्मे, ब्रोच.
विणकामाच्या सुया. त्यांवर अर्धा मोजा.
"टाके सुटतील," बाई म्हणाली.
"नाही सुटू देणार," मी म्हणाले.
कशाच्या जोरावर, देव जाणे.
एकानं रुमालात गुंडाळून कवळी दिली
आणि ओठ मिटूनच हसला.
चौदाव्या रांगेत म्हातारा ओलेगारियो,
लोकर कातरायला दक्षिणेला निघालेला.
त्यानं येर्बाचा कडू काढा प्यायची चांदीची नळी दिली.
देण्याआधी बाहीला पुसली,
त्याच्यानंतर कुणाची तरी पाळी असल्यासारखी.

डोकं खाली. खाली. खाली.
मी ओरडत होते, आणि आवाज माझ्या आईचा होता.

त्या दिवशी वारा समोरून आला
आणि त्यानं आम्हाला धरलं.
खरंच धरलं. डावा पंख कितीतरी वेळ
टेकलाच नाही जमिनीला.
मग कॅप्टननी तो ठेवला,
कडेवर झोपलेलं पोर खाली ठेवतात तसा.

त्यानंतरचा आवाज मला सांगता येत नाही.
चाळीस वर्षं करून बघतेय.
पत्र्यावरून पत्रा ओढल्यासारखा,
नाही. तसा नव्हता.

बाहेर गुडघाभर फेस.
वारा त्याचे पुंजके उचलून समुद्राकडे नेत होता.
ओलेगारियो बघत उभा राहिला, म्हणाला,
"यंदा लोकर बरी निघाली."
आणि आम्ही हसलो, भयंकर हसलो,
एक जण तर हसता हसता ओकला.

हँगरमध्ये मी अभ्रा उलटा केला.
ज्याचं त्याला.
मोजेवालीनं टाके मोजले, दोनदा मोजले.
"एक सुटला," म्हणाली,
आणि माझ्या गळ्यात पडली.
कंपनीनं नंतर अभ्रा परत मागितला, पत्र पाठवून.
मी धुऊन दिला.

ओलेगारियो मात्र तोवर बसनं निघून गेला होता.
तीन कुरणांच्या पत्त्यांवर मी पत्रं टाकली.
एकाचं उत्तर आलं: या नावाचा इथे कुणी नाही,
सार्मिएन्तोत विचारा.

मी पुढे एकोणीस वर्षं उडले.
दर वेळी उतरताना तीन मोजायचे,
माझ्या खुर्चीवरून ते दिवे दिसत नसताना.
आता त्रेलेवमध्ये मला मोजायला काही नाही.
पाहुणे आले की केटल ठेवते.
नळी तीच.
आधी मी पिते, मग बाहीला पुसून पुढे देते.
कुणी विचारलं कुणाची, तर सांगते,
चौदाव्या रांगेची.
अजून परत न्यायला आला नाही.