ढगात जाऊन येते

आमच्याकडे ढग गरजत नाही, पडतही नाही.
समुद्रावरून चालत येतो
आणि डोंगराला खांदा टेकून उभा राहतो.
कामांचाका म्हणतात त्याला.
त्याला विंचरावं लागतं:
दोन खांबांत ताणलेली काळी जाळी,
खाली पन्हळ, पन्हळीच्या तोंडाशी पिंप.
पहाटे थेंब धाग्याधाग्याने उतरतात
आणि सतरा घरांचा चहा होतो.

बाबा रोज वहीत लिटर लिहायचा.
शेजारच्या रकान्यात आकाश,
आठ भाग केले तर किती भाग झाकलेले.
आठ. आठ. सात. आठ.
मी जन्मले त्या तारखेलाही नुसतं आठ,
पुढे काही नाही, माझं नावसुद्धा.
ओल्या कागदावर शाई फुटायची
म्हणून पेन्सिलनं.

आता अक्षर माझं.
सहा. पाच. तीन. सहा.

शहरातून यास्ना येते, तिच्या यंत्रासकट.
पालथ्या बादलीवर बसून सांगते:
वरून बघितलास तर हा ढग पांढराशुभ्र,
आलेलं ऊन दारातूनच परत पाठवणारा.
समुद्र तापला की हा विरतो,
विरलेल्यातून ऊन खाली उतरतं,
समुद्र आणखी तापतो.

मी म्हटलं, जाळीचंही तसंच.
एक टाका सुटला की वारा त्यात बोट घालतो.

आणि ते, खूप उंचावरचे, पिसांसारखे?
ते उलटे, म्हणाली. ऊन आत सोडतात,
ऊब बाहेर जाऊ देत नाहीत.
म्हणजे पाणी तेच,
खाली असेल तर छत्री, वर असेल तर पांघरूण.
ती हसली. मग गप्प झाली.
आमच्या सगळ्या हिशेबात, म्हणाली,
ढगांपाशीच पेन्सिल अडखळते.
जग किती तापेल, याचं थोडं उत्तर
तुझ्या या डोंगराला टेकलेलं आहे.

मला ते आवडलं नाही.
डोंगराला आधीच पुष्कळ काही टेकलंय:
शाळा, टोमॅटोचे चार वाफे,
नोल्बेर्तोची म्हातारी खेचरी.

ऑगस्टमध्ये त्याच खेचरीवर खांब लादून
तिसरी जाळी नव्वद मीटर वर नेली.
ढग वर सरकला, आम्ही त्याच्या मागे.
जुन्या जागी दोन खड्डे राहिले
आणि निवडुंगावरचं दगडफूल,
बोट लावलं तर राख होणारं.
त्याला उठून वर जाता येत नाही.

आणखी वर गेलो तर शिखर.
त्याच्यावर खांब कशात रोवायचे
हे कुणी विचारलं नाही त्या दिवशी.
भाकरी खाल्ली, दोर आवळले.
ठिगळ लावता येतं मला, पण ते जाळीला.

बाबा ढगात गेला, असं म्हणता आलं असतं तर बरं होतं.
तो गेला खाली, बंदरावरच्या इस्पितळात,
खिडकीत लख्ख निळं.
त्या तारखेला आकाश: शून्य.
मी लिहिलं, आणि पुढे काही नाही.

ढगात मीच जाते रोज, आणि येते.
वाट आता लांबली आहे.
आज एकोणीस लिटर, आकाश चार.
पेन्सिल घरी विसरले होते,
यास्नाचं पेन होतं खिशात.
लिहून झाल्यावर वाट बघितली थोडी.

शाई फुटली नाही.