स्पिरिट कोणी प्यालं

सव्वीस जूनला प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं
तेव्हा इथरची बाटली कोरडी,
स्पिरिटच्या तळाशी बोटभर ओल,
आणि बोरकुटे सरांनी वळून
लटारीकडे पाहिलं.

किल्ली त्याच्याकडे असते. एवढा पुरावा पुरे झाला.
लटारी गुरनुले, शिपाई, सेवा चोवीस वर्षं,
टोपी काढून उभा राहिला, गालात तंबाखू तशीच.
"मी नाई पेलो जी."

नागभीडहून साहेब यायचे होते शुक्रवारी.
मधल्या पाच दिवसांत
कोणी त्याला चुना मागितला नाही.
मला सांगितलं, मॅडम, साठा मोजा.

मी मोजला.
उन्हाळाभर पत्र्याखाली सत्तेचाळीस अंश,
बुचं वाळून बारीक झालेली,
एकाच फळीवर, एकाच उकाड्यात
चार बाटल्यांचे चार निकाल.
इथर: काही नाही.
स्पिरिट: वर लिहिल्याप्रमाणे.
पाणी: अर्धं.
ग्लिसरीन: जसंच्या तसं, उलट रेघेच्या किंचित वर,
हवेतली ओल गुपचूप ओढून घेतलेलं.

शुक्रवारी मी खडू घेतला.
साहेब पोरांच्या बाकावर बसले, गुडघे छातीशी आलेले.
म्हटलं, बाटलीत रेणू असतात, ते एकमेकांना धरून असतात.
रेणूच्या आतली गाठ वेगळी, ती लग्नाची,
उन्हानं सुटत नाही.
ही नुसती शेजाराची,
विस्तव मागायला आले, दारात थोडं थांबले, तशी.
इथरला धरायला जागाच नाही,
खांद्याला खांदा घासला तर घासला,
जरा तापलं की उठले, निघाले.
स्पिरिटला एक कडी आहे.
पाणी एवढंसं, पण चहूबाजूंनी अडकवून बसतं.
ग्लिसरीनला कड्या तीन,
म्हणून बाटली उलटी केली तरी
ते विचार करत करत खाली येतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.
"म्हणजे स्पिरिट आपोआप गेलं?"
"हो."
"एवढं?"
"जे सैल धरलेलं होतं ते आधी."
बोरकुटे सर म्हणाले, पुस्तकात ठीक आहे हे.

तेव्हा लटारी बोलला. दारातून, जमिनीकडे पाहत.
"अन् कपाटातल्या डांबरगोळ्या?
दिवाळीत मीच ठेवल्या, बारा, बोराएवढ्या.
आता लाखोळीच्या दाण्याएवढ्या झाल्या.
त्या कोणं खाल्ल्या जी?
त्याबी मीच चघळल्या का?"

कपाट उघडलं.
आधी वास आला. मग कोपऱ्यात
गोळ्या होत्या असं म्हणता येईल इतपत काही.
साहेब हसले,
मग सगळ्यांनाच हसता आलं.
शेरा लिहिला: बाष्पीभवनाने घट. सही. शिक्का पुसट.

नवी बाटली ऑगस्टात आली.
नोंद करायच्या आधी मी लटारीच्या तळहातावर
एक थेंब टाकला.
फिनाइलनं फाटलेल्या रेषांमधून तो पसरला,
आटला.
"गार लागते."
निघताना ऊब घेऊन निघतं, मी म्हटलं.
"कोणाची?"
ज्याच्यावर होतं त्याची.
तो हात तसाच पुढे धरून उभा राहिला,
तास संपल्याची घंटा द्यायची त्यालाच होती,
ती चार मिनिटं उशिरा झाली.

बोरकुटे सर आता रोज चुना मागतात,
गरजेपेक्षा दोनदा जास्त.
लटारी देतो. डबी उघडून, न बोलता.
आणि उन्हाळ्याच्या सुटीआधी
त्यानं मेणबत्ती पेटवून
इथरच्या बुचावर मेण गाळलं, स्पिरिटच्या बुचावर दोनदा.
पाण्याच्या बाटलीला लावलं नाही.
मी विचारलं, ही?
"ते राहाते," म्हणाला.
"अर्धं तरी राहाते."