शंभर ताब्यांमागे

गिरणीच्या पगारवहीतल्या पाठकोऱ्या पानांवर
चौऱ्याहत्तर सालचे सामने मी मांडून ठेवलेत.
चेंडू कुणाच्या ताब्यात आला की एक ठिपका,
बास्केट झाली की ठिपक्याभोवती गोल.
कुणी सांगितलं नव्हतं.
घडी खात्यात दिवसभर मोजायचो,
हाताला दुसरं काही येत नव्हतं.

लक्ष्मीनारायण म्याकल, गार्ड, उंची पाच फूट चार,
रात्रपाळी उरकून दुपारी मैदानात.
सामन्याला पंधरा गुण.
आणि आमच्या बोळातला श्रीशैल हत्तुरे, आत्ताचा,
बावीस.
पोरं म्हणतात, काका, विषय संपला.

संपतो कसा?
हातमागावर दिवसाला किती वार निघायचं
आणि पॉवरलूमवर किती निघतं,
एवढ्यावरून या गावात कुणी
विणकराला आळशी म्हणत नाही.
आधी विचारतात, धोटा किती वेळा गेला?

तेव्हा मैदान मातीचं. टप्पा खड्ड्यात पडला
की चेंडू भलतीकडे.
चोवीस सेकंदांचं घड्याळ कुठलं,
पंचाच्या मनगटावर होतं ते एकच, तेही मागे पडणारं.
एका संघाचे सामन्याला बावन्न ठिपके.
आता सिमेंट, घड्याळ, बोंबाबोंब:
अठ्ठ्याहत्तर.
भागाकार केला.
शंभर ताब्यांमागे
म्याकल अठ्ठावीस पूर्णांक आठ,
हत्तुरे अठ्ठावीस पूर्णांक दोन.

तीनदा ताडून पाहिलं.
शेंगाचटणीचं बोट लागलं पानाला,
तेवढा डाग सोडला तर उत्तर तेच.

मग रात्री खोट दिसायला लागली.
तीनची रेषा तेव्हा आखलेलीच नव्हती,
तो लांबून मारायचा ते सगळे दोनाचेच.
किती लांबून?
ठिपक्याला अंतर नसतं.
आणि त्याला अडवायला समोर कोण,
निम्मे उपाशी, एक तर अनवाणी.
त्याला कशानं भागू?
श्रीशैलवर आता दोघं-दोघं सोडतात,
ते तरी मी कुठल्या रकान्यात लिहिलंय?

रविवारी कागद घेऊन अशोक चौकामागे गेलो.
म्याकल ओट्यावर बसून टॉवेलांच्या दशा कापत होता.
नातीला तेलुगूत चहा सांगितला.
कागद हातात घेतला, चष्मा काही शोधला नाही.
"पोरगं डावीकडून जातं का?"
नाही म्हटलं, सगळं उजवीकडूनच.
"हं."
चहा आला. बशीत ओतून त्यानं अर्धा संपवला.
पूर्णांक आठ कात्रीखाली दबलेले,
त्यावर दशांचा बारीक भुगा.
"मग पाठव त्याला," म्हणाला,
"संध्याकाळी, भोंगा झाल्यावर."

भोंगा वाजायचा थांबून जमाना झाला.
मी श्रीशैलला सांगितलं,
साडेपाच.