लाट जिथे आपटते

डबी आली तेव्हा सव्वाचार झाले होते,
मी एक हात कोटाच्या बाहीत घातला होता.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर घाईचं अक्षर:
एस्तेवो, वय एकोणसाठ, गाव कोर्मे.
मेंदूची डावी बाजू.
कारण: अज्ञात.

आत, फॉर्मॅलिनमध्ये, ती.
भाताच्या शितापेक्षा जराशी लांब,
एका टोकाला काळपट, दुसऱ्याला मळकट पांढरी.
जांघेतून तार वर चढवून कुणीतरी ती ओढून आणली होती,
विहिरीत पडलेला पोहरा गळाने काढावा तशी,
आणि टेबलावरच एस्तेवोच्या तोंडून एक शब्द फुटला होता.
कुठला, ते डबीवर नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
इथे भात शिजलाय की नाही हे कुणी विचारत नाही.
विचारतात, चूल कुठली?
मानेतली चुन्याने खरबरीत झालेली नळी,
की हृदयाचा एखादा कोपरा
जिथे रक्त जरा जास्त वेळ टेकलं?

रात्रभर मेण.
सकाळी पात्याखाली काप, इतके पातळ
की श्वास सोडला तर उडतील. मी श्वास धरते.
मग रंग. या रंगात तांबड्या पेशी पिवळ्या दिसतात
आणि पांढरे तंतू लाल.
हा उलटा कारभार अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.
तेवढ्यानेही गुठळी बोलेलच असं नाही.
बऱ्याचदा मी लिहिते, मिश्र,
आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी सुस्कारा टाकतं.

हिच्यात पेशी कमी होत्या. तंतूच तंतू,
आणि मध्ये मध्ये धुरकट निळसर पुंजके,
जे मला आवडले नाहीत.
न मागता एक काच जास्त रंगवली.
डॉक्टर लोउरेडा म्हणाले, साबेला, रसायनं फुकट येत नाहीत.
मग त्यांनीच डोळा लावला
आणि बराच वेळ काढला नाही.

जांभळे ठिपके. एकामागे एक,
ओवलेले.

जंतू.
म्हणजे ही गुठळी नव्हतीच नुसती,
हृदयाच्या झडपेवर वाढलेल्या कशाचा तरी
तुटलेला तुकडा होता.
मी जिन्यावरून पळाले. फोन होता, तरी पळाले.
रक्त पातळ करायचं औषध ट्रेमध्ये भरून ठेवलं होतं.

कॉरिडॉरमध्ये त्याची बायको, दोसिंदा,
मांडीवर त्याचे बूट घेऊन.
ताप? येतो की, संध्याकाळचा. पाणी गार असतं ना.
घाम? रात्री उशी ओली.
दात?
ती थांबली. नाताळापासून दुखतोय म्हणाली,
लवंग धरतो दाढेत. दवाखान्यात जा म्हटलं तर
म्हणतो, भरती माझ्यासाठी थांबते का?

तो पेर्सेबेस काढायचा.
बोटाच्या पेराएवढे जीव, टोकाला नखं,
खडकाला असे धरून की लोखंडानेच सुटावेत.
कमरेला दोर, ओहोटीच्या शेवटच्या वीस मिनिटांत
तो कड्यावरून खाली उतरायचा.
शांत पाण्यातले बारीक निघतात, दोसिंदा सांगत होती,
लाट जिथे सगळ्यात जोरात आपटते ना,
तिथले जाड.
मला वाटलं, ती झडपेबद्दलच बोलतेय.

मे महिन्यात ती पुन्हा आली.
कागदाच्या पुडीत अर्धा किलो, अजून वाफाळते.
सहा आठवडे सलाईन, नवी झडप, दोन दाढा गेल्या.
चालतो. चमच्याला कधी कधी किल्ली म्हणतो.
मी विचारलं, त्या दिवशी टेबलावर
पहिला शब्द कुठला आला होता?
माझं नाव नव्हे, ती हसली,
आणि हसताना जरा दुखावल्यासारखी दिसली.
“दोर.”

मी पहिला पेर्सेबे मोडला, खारट पाणी चष्म्यावर उडालं.
पुसलं नाही लगेच.
समोरच्या कपाटात मेणाचे चौकोन उभे आहेत,
ओळीने, आकड्यांनी,
आणि त्यातल्या कितीतरी आकड्यांपुढे
अजून तोच शब्द आहे, जो त्याच्या डबीवर होता.